उपग्रहीय प्रदूषण-मापन आणि प्रादेशिक हवा-प्रारूपे यांची तुलना

उपग्रहाने मोजलेले हवेतील प्रदूषकांचे प्रमाण आणि संगणकीय प्रारूपाने त्याच प्रदेशासाठी काढलेले प्रमाण एकमेकांशी ताडून पाहण्याची पद्धत. प्रारूपाचे अंदाज तपासण्यासाठी आणि कोठून किती प्रदूषण बाहेर पडते याच्या नोंदी सुधारण्यासाठी ती वापरतात. नायट्रोजन डायऑक्साइड या कामाला विशेष सोयीचा आहे. दिवसा तो काही तासांतच नाहीसा होतो, त्यामुळे शहरे आणि औष्णिक वीजकेंद्रे यांच्या आसपासच दाट दिसतो.

दोन्हीकडचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवणे चुकीचे ठरते. सीमॅक किंवा शिमेर यांसारखी प्रारूपे हवेच्या प्रत्येक थरातील प्रमाण देतात. उपग्रह मात्र परतलेल्या सूर्यप्रकाशातील शोषणाच्या खुणांवरून हवेच्या अख्ख्या स्तंभातील रेणू मोजतो. त्यातून स्थितांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराचा, वाटा वजा करावा लागतो. शिवाय त्याला सगळे थर सारखे दिसत नाहीत. ज्या थरात आपण श्वास घेतो, तो जमिनीलगतचा थरच त्याला सर्वांत अंधुक दिसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी वायू उंचीनुसार कसा पसरला असेल हे आधी गृहीत धरतात आणि ते गृहीतक बहुधा एखाद्या जागतिक प्रारूपातून येते. म्हणजे ‘मोजलेल्या’ आकड्यातही एक प्रारूप दडलेले असते. ही गोष्ट विसरली की सारी तुलना फसते.

यावर उपाय म्हणजे अ‍ॅव्हरेजिंग कर्नल, अर्थात प्रत्येक थराबाबत उपग्रहाची संवेदनशीलता सांगणारा तक्ता. प्रादेशिक प्रारूपाच्या थरांना तो लावला की गृहीतकाचा परिणाम तुलनेतून निघून जातो.

वेळही जुळवावी लागते. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास वरून जाते. म्हणून प्रारूपातूनही तोच तास घ्यावा, दिवसाची सरासरी नव्हे. दाट ढगांचे दिवस दोन्हीकडून गाळतात. पूर्व आशियावर स्थिर राहणारे जेम्स (२०२०) हे उपकरण दिवसा तासागणिक मोजते, त्यामुळे तिथे सकाळच्या वाहतुकीच्या गर्दीचा परिणामही तपासता येतो.

फरक आढळला की लगेच उत्सर्जनाच्या नोंदींना दोष देण्याची घाई होते. आधी तो कुठे आहे ते पाहावे. स्रोताजवळच असेल, तर नोंदींवरचा संशय रास्त. वाऱ्याच्या दिशेने दूर जाताना वाढत असेल, तर प्रारूपातील वारा किंवा वायूचा टिकाव तपासावा लागतो.