लॅपटॉप बंद पडतो तेव्हा उष्णता कुठे अडलेली असते?

गेम ऐन रंगात आलेला असताना लॅपटॉप एकदम बंद पडतो. निळा पडदा येत नाही, कसलाही संदेश येत नाही, पंख्यांची घरघरही तिथल्या तिथे थांबते. पुन्हा चालू केल्यावर चार गोष्टी माहीत असलेला माणूस विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे यंत्रातल्या घडामोडींची नोंदवही, उघडतो. तिथे लाल खुणेसह एक नोंद असते: कर्नल-पॉवर, इव्हेंट आयडी ४१. मग तो चार्जर बदलतो, त्यानं भागलं नाही की बॅटरी बदलतो, शेवटी विंडोज नव्याने टाकतो. लॅपटॉप बंद पडायचा तो पडतोच.

ही नोंद बिघाडाच्या क्षणी लिहिलीच जात नाही. ती पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना लिहिली जाते आणि तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. वीज गेली, कुणी पॉवर बटण दाबून धरलं, मदरबोर्डनं (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य सर्किटच्या पाटीनं) स्वतःच वीज तोडली, सगळ्यांची नोंद तीच. कारण शोधायचं तर दुसरीकडे बघायला हवं, आणि गेमिंग लॅपटॉपमध्ये पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

प्रोसेसरला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपला, उष्णतेपासून वाचवण्यासाठी दोन पायऱ्या असतात. तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसला पोहोचलं (मॉडेलनुसार ९५ ते १०५), की चिप आपला वेग कमी करते. हे थ्रॉटलिंग. गेम अडखळतो, पण चालू राहतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर दुसरी पायरी येते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये ती १३० अंशांच्या आसपास आहे. तिथे चिपमधलं सर्किट एका पिनवरून थेट इशारा देतं आणि मदरबोर्ड वीज तोडतो. यात विंडोजला कुणी विचारत नाही, त्यामुळे कारण लिहून ठेवायला तिला सवडही मिळत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पंखे आणि कीबोर्ड सांभाळणारी छोटी नियंत्रक चिप याच्याही आधी यंत्र बंद करते. अचानक बंद पडणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो, बिघाड टाळण्यासाठी केलेली कृती असते. खरा बिघाड आहे उष्णतेच्या वाटेवर.

आधी ही उष्णता किती, ते पाहू. चिपमधला ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना थोडी ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णताच होते. हा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडी वीज गळत असते आणि तापमान वाढलं की ही गळती झपाट्याने वाढते. म्हणजे गरम चिप तेच काम करताना जास्त तापते. २ चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून १०० वॅट बाहेर पडत असतील, तर दर चौरस सेंटिमीटरला ५० वॅट झाले. १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर तिथे हाच आकडा ५ येतो. इस्त्रीच्या दसपट दाटीनं निघणारी ही उष्णता दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची आहे.

शाळेतला ओहमचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. विद्युतप्रवाहाच्या जागी वॅट घ्या, व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक घ्या, आणि रोधाच्या जागी औष्णिक रोध. खोली ३० अंशांवर आहे, चिप १०० वॅट सोडते आणि ९५ अंशांवर स्थिर आहे, म्हणजे पूर्ण वाटेचा रोध वॅटमागे ०.६५ अंश. आता वाटेत कुठेतरी ०.२ ची भर पडली, तर तेवढेच वॅट सोडण्यासाठी चिपला ११५ अंशांवर जावं लागेल. ते तिला परवडणारं नाही, म्हणून ती १०० अंशांवर थांबून ८२ वॅटवर उतरते. खोलीच ४० अंशांची असेल तर सगळं गणित १० अंशांनी वर सरकतं.

या वाटेवरची सगळ्यात सुंदर वस्तू म्हणजे हीट पाइप. तळाचं झाकण उघडल्यावर चिपपासून पंख्यांपर्यंत गेलेल्या तांब्याच्या चपट्या नळ्या दिसतात, त्या या. अनेकांना वाटतं की त्या भरीव तांब्याच्या आहेत आणि तांबं उष्णतेचं उत्तम वाहक असल्यामुळे काम भागतं. हिशेब करून बघा. ६ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० सेंटिमीटर लांबीच्या भरीव तांब्याच्या कांबीतून ५० वॅट न्यायचे, तर तिच्या दोन टोकांत जवळजवळ ९०० अंशांचा फरक लागेल! हीट पाइप हेच काम मोजक्या अंशांच्या फरकात करतो, कारण तो आतून पोकळ असतो.

पोकळीतली हवा काढून टाकलेली असते आणि अगदी थोडं पाणी भरलेलं असतं. हवेचा दाब नसल्यामुळे पाण्याला उकळण्यासाठी १०० अंश लागत नाहीत. ५० अंशांवर त्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या साधारण आठव्या हिश्श्याइतका असतो आणि तेवढ्यावर ते खुशाल उकळतं. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती वाफ पोकळीतून थंड टोकाकडे धावते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि उकळताना घेतलेली सगळी उष्णता ती पंख्याजवळच्या पातळ पत्र्यांना देऊन टाकते. एक ग्रॅम पाणी १० अंशांनी तापवायला ४२ ज्यूल लागतात. त्याच ग्रॅमची ५० अंशांवर वाफ करायला सुमारे २३८० ज्यूल. त्यामुळे ५० वॅट वाहून न्यायला सेकंदाला जेमतेम २१ मिलिग्रॅम पाणी पुरतं, म्हणजे अर्ध्या थेंबापेक्षाही कमी.

पाणी परत कसं येतं? पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याची पूड तापवून चिकटवलेली असते. तिच्या बारीक छिद्रांमधून केशाकर्षणानं पाणी गरम टोकाकडे ओढलं जातं, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्धसुद्धा. अशा रचनेचं पेटंट १९४४ मध्ये जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना मिळालं होतं, पण ते तसंच पडून राहिलं. १९६३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे शोधून काढली आणि तिला हीट पाइप हे नाव दिलं. अंतराळातल्या वीजनिर्मितीसाठी आखलेली रचना आज मांडीवरच्या यंत्रात आहे, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

हिला मर्यादाही आहेत. उष्णता फार झाली तर पाणी जितक्या वेगानं उडतं तितक्या वेगानं परत येत नाही आणि गरम टोक कोरडं पडतं. नळीला सूक्ष्म चीर गेली तर हवा आत शिरते आणि मग ती निव्वळ पोकळ तांब्याची नळी उरते. बाहेरून काहीच दिसत नाही.

मग उष्णता नेमकी कुठे अडली, हे न उघडता कसं ओळखायचं? तापमान किती चढलं यापेक्षा ते किती वेगानं चढलं, ते बघायचं. चिपचं वस्तुमान अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असू शकतं. तिला एक अंशानं तापवायला पाव ज्यूल पुरतो. १०० वॅट आत येत असतील आणि उष्णतेला बाहेर जायला वाटच नसेल, तर तापमान सेकंदाला ४०० अंशांच्या वेगानं चढेल. याउलट हीट पाइप आणि पत्रे मिळून २०० ग्रॅम तांबं धरलं, तर तितक्याच वॅटना ते सेकंदाला सव्वा अंशानं तापतं.

एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम लावून आलेखावर नजर ठेवा. गेम सुरू होताच एक-दोन सेकंदांत तापमान ५० वरून ९५ ला उडी मारत असेल, आणि बाहेर फेकली जाणारी हवा अजून कोमटच असेल, तर अडथळा चिपच्या अगदी जवळ आहे: चिप आणि हीटसिंक (हीट पाइप आणि पत्र्यांचा चिपवर बसवलेला सांगाडा) यांच्यामधली उष्णता नेणारी पेस्ट गेलेली आहे, हीटसिंक नीट टेकलेला नाही, किंवा हीट पाइप निकामी आहे. तापमान दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत असेल आणि बाहेर फेकली जाणारी हवा चटका देणारी पण क्षीण असेल, तर चिपपासून पत्र्यांपर्यंतची वाट ठीक आहे, अडचण शेवटच्या टप्प्यात आहे: धूळ, पंखा, किंवा लॅपटॉप गादीवर ठेवल्यानं बंद झालेली तळाची छिद्रं. एकाच वेळी काम करणाऱ्या दोन कोअरमध्ये (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-विभागांमध्ये) २०-२५ अंशांचा फरक दिसला तर हीटसिंक एका बाजूला कमी टेकलाय, असा संशय घ्यावा.

धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते म्हणून लोक पाती पुसतात. खरी धूळ पंखा आणि पत्रे यांच्या मधल्या फटीत असते. पंख्याचं झाकण काढल्यावर तिथे राखाडी रंगाचा दाट थर दिसतो. चिमट्यानं एका कोपऱ्याला धरला तर अखंड सुटून येतो. नुसती बाहेरून हवा मारली तर तो बऱ्याचदा आतच राहतो. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्याच वेगानं फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं.

पेस्टचं दुखणं वेगळं. तापल्यावर तांबं सिलिकॉनच्या सुमारे सहापट प्रसरण पावतं. प्रत्येक वेळी गेम सुरू आणि बंद होताना दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घसरतात आणि पातळ पेस्ट मधून कडेला ढकलली जाते. हीटसिंक काढला की चिपच्या मध्यभागी उघडा, चकाकणारा डाग दिसतो आणि पेस्ट कडेला जमलेली असते. त्या रिकाम्या जागेत हवा येते आणि हवेची उष्णतावाहकता पेस्टच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते. लॅपटॉपसाठी म्हणूनच घट्ट पेस्ट, किंवा गरम झाल्यावर मऊ होणारं फेज-चेंज पॅड चांगलं. गॅलियमचा द्रवधातू उष्णता उत्तम नेतो, पण तो वीजही नेतो आणि ॲल्युमिनियम पोखरतो. हात बसला नसेल तर त्याच्या वाट्याला जाऊ नये.

एका क्लिकमध्ये लॅपटॉप थंड करण्याचा दावा करणारे प्रोग्रॅम आणि उष्णता शोषून घेणारे स्टिकर यांवर एक पैसाही घालवू नका. प्रोग्रॅम फार तर चिपकडून काम कमी करवून घेऊ शकतो किंवा पंखा वाढवू शकतो, आणि ती सोय विंडोजमध्ये किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच असते. पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो (गरजेपुरता वेग वाढवण्याची सोय) बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं. व्होल्टेज १.२ वरून १.१ वर आणलं तर वर्गाच्या नियमानं उष्णता १६ टक्क्यांनी कमी होते. मात्र २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यानंतर इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायॉसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनं व्होल्टेज कमी करण्याचा हा मार्ग बंद केला आहे.

लॅपटॉप दर वेळी उष्णतेमुळेच बंद पडतो असं नाही, हेही खरं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या, नोंदी असतील तर त्या नीट वाचा. इव्हेंट आयडी १७ आणि १९ म्हणजे चूक झाली पण हार्डवेअरनं सावरली. १७ बहुतेकदा वायफाय कार्ड, एसएसडी किंवा ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस (मदरबोर्डशी जोडणारा वेगवान दुवा) जोडणीकडे बोट दाखवते. १८ म्हणजे न सावरता आलेली चूक. या नोंदी तापमान ६० अंशांवर असतानाही येत असतील, तर पेस्ट बदलून उपयोग नाही. आधी व्होल्टेज आणि ओव्हरक्लॉकचे (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाचे) सगळे बदल मागे घ्या, बायॉस मूळ स्थितीत आणा, मग मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवून रॅम तपासा. रॅम निर्दोष निघाली आणि १८ तरीही आली, तर बहुधा प्रोसेसर किंवा मदरबोर्ड.

तळाचं झाकण उघडलंच आहे, तर बॅटरीकडेही बघा. सतत तापणाऱ्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरीत वायू साठून ती फुगू शकते. टचपॅडची क्लिक जड होणं किंवा झाकण नीट न बसणं ही तिची पहिली लक्षणं. फुगलेली बॅटरी दाबून सपाट करू नये, टोचू नये, चार्जर लावून आणखी एकदा चालवून बघू नये. पेस्ट आणि धूळ नंतर. आधी ती बदलून घ्यावी.