‘अंतरा’ सोडल्यावर पाळणा कधी हलतो?

अंतराचं गर्भनिरोधक इंजेक्शन बंद करून सहा महिने झाले, पाळी आली नाही आणि दिवसही राहिले नाहीत, की नागपुरात महालपासून कामठीपर्यंत एकच निदान ऐकू येतं: ‘पिशवी सुकली.’ पिशवी सुकत नाही. बहुतेक वेळा औषधाचा असर अजून पुरता उतरलेला नसतो, एवढंच.

२०१७ पासून हे इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने मोफत मिळतं. त्यात डीएमपीए हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं संप्रेरक असतं, १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेवर. कुपी काही वेळ ठेवली की तळाशी पांढरा साका बसतो. सिस्टर ती जोरात हलवते तेव्हा सगळं दुधासारखं होतं. हे विरघळलेलं औषध नव्हे, पाण्यात तरंगणारे बारीक स्फटिक आहेत. औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि सगळी करामत तिथेच आहे. खडीसाखरेचा खडा गालात ठेवला की बाहेरून हळूहळू झिजतो; तसे हे स्फटिक स्नायूत महिनोन्महिने झिजतात आणि रोज थोडं औषध रक्तात उतरतं. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका, असं सांगतात ते यासाठीच. चोळलं तर साठा लवकर रिकामा होतो आणि पुढच्या तारखेआधीच असर उतरू शकतो.

रक्तात आलेलं औषध थेट मेंदूशी बोलतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग ठरावीक अंतराने जीएनआरएच या संप्रेरकाचे ठोके देत असतो. ते ठोके मंदावतात. मग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून बीज सोडवणाऱ्या एलएच संप्रेरकाची जी उसळी यायला हवी ती येत नाही. बीजकोशात बीजं असतात, थोडी वाढतातही, पण फुटून बाहेर पडत नाहीत. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, म्हणून पाळी थांबते. ‘रक्त आत साठतं’ ही समजूतही म्हणूनच खोटी: साठायला अस्तर तयारच होत नाही.

शेवटच्या इंजेक्शननंतर रक्तातलं औषध मोजता न येण्याइतकं कमी व्हायला साधारण १२० ते २०० दिवस लागतात. त्यानंतर मेंदूचे ठोके पूर्ववत होणार. स्नायूतला साठा कुठल्याही काढ्याने किंवा ‘हार्मोन डिटॉक्स’च्या पावडरीने धुऊन निघत नाही. त्यावर पैसे घालवू नका, अंगारे-धुपारेही नकोत.

आता हिशेब. तो इंजेक्शन चुकवलेल्या तारखेपासून नाही, शेवटचं घेतलं त्या तारखेपासून करायचा. समजा ते १० जानेवारीला घेतलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना दिवस राहिले त्यांच्यापैकी निम्म्या बायकांना ते सुमारे १० महिन्यांत राहिले, म्हणजे इथे १० नोव्हेंबरच्या आसपास. १२ महिन्यांत ६८ टक्के, १५ महिन्यांत ८३ आणि १८ महिन्यांत ९३ टक्के. इंजेक्शन किती वर्षं घेतलं याने फरक पडला नाही. वजन जास्त असलेल्यांना मात्र थोडा उशीर लागला. म्हणून मूल हवं त्या वेळेच्या बऱ्याच आधी इंजेक्शन थांबवा, आणि मधल्या काळात मूल नको असेल तर निरोध वापरा, कारण काहींचं बीज चौदाव्या आठवड्यातही सुटतं.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण १४ दिवसांनी येते. त्यामुळे पहिली पाळी न येताच दिवस राहू शकतात. पाळी नाही म्हणून औषधं सुरू करण्याआधी लघवीवरून दिवस राहिलेत का ते तपासा. पांढरा स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाऊ लागला की बीज सुटायची वेळ जवळ आली. ते दिवस सोडू नका.

फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आत्ताच सुरू करा, कारण बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो ती गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांतच मिटते. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष होऊनही पाळी आली नाही, किंवा वय ३५ च्या पुढे आहे, तर थांबू नका. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) आणि नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करून घ्या. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून दोघांनी ती तपासणीही आधीच करावी. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत विचारा. दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारे, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.