पित्तनलिकेची रोबोटिक दुरुस्ती: येताना सीडी आणा

पित्ताशय काढताना पित्तनलिकेला (यकृतातले पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीला) इजा झालेले रुग्ण आले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “रोबोटने उद्याच करून टाकाल ना?”

घाई आम्ही समजू शकतो. पोटातून पित्त बाहेर काढणारी नळी (ड्रेन) लोंबते आहे, डोळे पिवळे झाले आहेत, धीर कुठून येणार? पण आत जंतुसंसर्ग असेल तर सुजलेल्या नलिकेत टाका टिकत नाही, कापत जातो. म्हणून संसर्ग आटोक्यात आणून बहुतेकदा सहा ते आठ आठवडे थांबतो. पहिली दुरुस्ती फसली की पुढच्या वेळी चांगली नलिका आणखी आखूड मिळते.

रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलाशी, बसून त्याची हत्यारे चालवतो. यकृताच्या मुळाशी, अडचणीच्या जागी, काही मिलिमीटरच्या नलिकेला लहान आतडे जोडायचे असते. तिथे मनगटासारखी वळणारी हत्यारे आणि मोठे, त्रिमितीय दिसणारे चित्र खरोखर कामी येते. यकृताची रक्तवाहिनीही दुखावली असेल, तर मात्र पोट उघडून करणे बरे, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

खरा वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीत. एमआरसीपीचा (पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीचा) रिपोर्ट आणतात, त्यातल्या चित्रांची सीडी घरीच राहते. यकृतातून येणाऱ्या उजव्या-डाव्या नलिका एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुटल्या आहेत, त्यावर एक जोड द्यायचा की दोन हे ठरते. ते आम्हाला चित्रातच पाहायचे असते. सीडी नसली की पुन्हा तपासणी, पुन्हा खेप. पहिल्या ऑपरेशनची नोंदही मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर सगळे नसते.

आणि ड्रेनचा हिशेब. एका काकूंनी कॅलेंडरच्या चौकटींत रोजचे मिली लिहून आणले होते: 350, 300, 180, मग 60. सोबत ताप नाही, हेही लिहिलेले. गळती आपोआप कमी होतेय, हे एका नजरेत कळले. ड्रेन अचानक थांबला आणि थंडी-ताप आला, तर मात्र पित्त आत साचत असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ड्रेन स्वतःहून काढू नका.

रुग्णाला लगेच प्रवास घडवू नका. नातेवाइकांनीच आधी सीडी, ऑपरेशनची नोंद आणि ड्रेनचा हिशेब घेऊन यावे. आम्ही पाहून, रुग्णाला कधी आणायचे ते सांगू.