गुडघा दुखतोय? मालिशीआधी एक्स-रे

पेठेपेठेत तालीम आणि तालमीगणिक फुटबॉलचा संघ असलेल्या कोल्हापुरात १४-१५ वर्षांच्या पोराचा गुडघा दुखला, की घरचे म्हणतात, "खेळताना मार लागला असंल." बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण खेळ बंद करूनही दुखणं हटत नाही, रात्री झोपेतून उठवतं, सूज वाढत जाते, तेव्हा मालिश आणि लेप थांबवून साधा एक्स-रे काढा.

मुलांमध्ये हाडांचा कर्करोग विरळा. त्यातले मुख्य दोन: ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा. पहिला बहुधा उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात होतो, आणि हाड जिथे सर्वांत जास्त वाढतं तिथेच, म्हणजे गुडघ्याच्या लगेच वर किंवा खाली. युइंग कमरेच्या हाडात किंवा बरगडीतही निघतो. त्याच्या पेशींत बहुतेकदा ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. मार लागल्याने यातला कुठलाच होत नाही. "खेळायला पाठवलं म्हणून झालं" हे ओझं आईबापांनी मनावर घेऊ नये.

१९७० च्या आधी ऑस्टिओसार्कोमात पाय कापूनही ५ पैकी ४ मुलं दगावत. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तोवर फुप्फुसात पोचलेल्या असत. केमोथेरपीने चित्र पालटलं. आज रोग एकाच जागी असताना सापडला आणि उपचार पूर्ण झाले, तर १०० पैकी ६० ते ७० मुलं पाच वर्षांनंतरही हयात असतात. आधीच पसरलेला असेल तर हा आकडा ३० च्या आसपास किंवा त्याखाली येतो.

आता पाय सहसा कापावा लागत नाही. आधी काही आठवडे केमो, मग रोगट हाड काढून धातूचा सांधा. काढलेल्या तुकड्यात ९० टक्के किंवा अधिक पेशी मेलेल्या दिसल्या, तर औषध चांगलं लागू पडलं असं समजतात. वाढत्या मुलांसाठी लांबवता येणारे सांधेही मिळतात.

मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते बायोप्सीबद्दल, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा छोटा तुकडा काढण्याबद्दल. सुई ज्या वाटेने आत जाते, ती वाटही पुढे ऑपरेशनमध्ये काढावी लागते. ती चुकीच्या जागी झाली, तर वाचू शकणारा पाय जाऊ शकतो. म्हणून एक्स-रेत शंका दिसली, तर गावात घाईने तुकडा काढू नका. जे डॉक्टर ऑपरेशन करणार, त्यांच्याच सल्ल्याने बायोप्सी करा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात अशा रोगांसाठी स्वतंत्र पथक आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात.

ऑपरेशननंतर पोरगं चालायला लागलं, की उरलेली केमो सोडायचा मोह होतो. ती पूर्ण करायचीच, कारण फुप्फुसात लपलेल्या पेशींवरचा इलाज तोच आहे.