डेटाबेसच्या प्रचारात विद्यार्थी कुठून आले?

ग्रंथालयातले डेटाबेस, म्हणजे लेख आणि संदर्भ शोधायचे संगणकीय संग्रह, वापरा असं आज विद्यार्थीच विद्यार्थ्यांना सांगताना दिसतात. १९७०च्या दशकात विद्यार्थ्याने अशा डेटाबेसला हात लावायचा प्रश्नच नव्हता. डायलॉग या दूरवरून डेटाबेस शोधू देणाऱ्या यंत्रणेची व्यावसायिक सेवा १९७२ मध्ये सुरू झाली, पण तिथे जोडणीच्या वेळेनुसार पैसे पडत. त्यामुळे विद्यार्थी विषय सांगे आणि शोध ग्रंथपाल घेत. पुढच्या दशकात सीडी-रॉम आल्या, मिनिटं मोजायची गरज संपली आणि कीबोर्ड विद्यार्थ्याच्या हाती आला.

अडचण मात्र तंत्रापेक्षा जुनी होती. अमेरिकेत ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॉन्स्टन्स मेलन यांनी सुमारे सहा हजार विद्यार्थ्यांचं लेखन तपासून १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातला पहिला अनुभव भीतीच्या भाषेत सांगितला होता. इतरांना सगळं जमतं, आपल्यालाच येत नाही, आणि विचारलं तर अज्ञान उघडं पडेल, असं त्यांना वाटे. मला या विषयाचं मूळ इथेच दिसतं. काउंटरपलीकडच्या जाणकाराला विचारायची लाज वाटते, पण बाजूच्या खुर्चीवरच्या मुलीला ‘हे कसं काढलंस?’ असं सहज विचारता येतं. मिशिगन विद्यापीठाच्या पदवीपूर्व ग्रंथालयाने १९८५ मध्येच अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन सोबत्यांच्या मदतीला बसवलं होतं. तेव्हा उद्देश मदतीचा होता, जाहिरातीचा नव्हे.

हा उद्देश बदलला वेबमुळे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रकाशक शेकडो नियतकालिकं एकगठ्ठा विकू लागले, वर्गणीचे आकडे फुगले. २००३ पासून ‘काउंटर’ या मानकामुळे (नावाशी ग्रंथालयातल्या काउंटरचा संबंध नाही) कोणता डेटाबेस किती वापरला गेला हे एकसारख्या पद्धतीने मोजता येऊ लागलं. वापर कमी म्हणजे दर लेखामागे खर्च जास्त, आणि मग वर्गणी चालू ठेवायची की नाही ही चर्चा. त्यातच ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेच्या २००५ च्या पाहणीत ८४ टक्के लोक शोधाची सुरुवात सर्च इंजिनपासून करतात असं दिसलं. ग्रंथालयाच्या संकेतस्थळापासून सुरुवात करणारे होते १ टक्का.

मग सोबत्यांमध्ये डेटाबेसचा प्रचार करणारे विद्यार्थी-दूत नेमले जाऊ लागले. काही ग्रंथालयांनी नेमले, काही डेटाबेस विकणाऱ्या कंपन्यांनी. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत लेक्सिस आणि वेस्टलॉ हे कायद्याचे डेटाबेस चालवणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्या तिथल्याच विद्यार्थ्यांना मानधन देऊन प्रतिनिधी करतात. शेजारच्या बाकावरचा प्रतिनिधी शोध शिकवतो हे खरंच, पण एकाच कंपनीच्या डेटाबेसमधला.