छोट्या होडीतून सॅल्मनचे ट्रोलिंग

संथ चालणाऱ्या होडीमागे ठरावीक खोलीवर खरे किंवा खोटे आमिष ओढत नेऊन सॅल्मन मासा गळाला लावण्याची पद्धत. अमेरिका व कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर आणि ग्रेट लेक्स या तळ्यांत ती हौशी मासेमारांमध्ये रूढ आहे; बाल्टिक समुद्रात अटलांटिक सॅल्मनसाठीही ती वापरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड ही खाडी समोर ठेवली आहे. तिथे चौदा-सोळा फुटी होडीतूनही मोठ्या माशापर्यंत पोचता येते आणि नवशिक्यांची गर्दीही तिथेच असते.

नावांचे दोन घोळ आधी निस्तरायला हवेत. कोकणच्या किनाऱ्यावर ‘ट्रॉलर’ म्हणजे जाळे ओढणारी यांत्रिक बोट. ट्रोलिंगशी तिचे साम्य उच्चारापुरतेच; इथे जाळे नसते, एकेका दोरीला एखाददुसरा गळ असतो. ‘ओढता गळ’ म्हटले तर अर्थ चटकन पोचेल, पण तो शब्द रुळलेला नाही. दुसरा घोळ माशाचा. मुंबई-गोव्याकडच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून ताटात येतो तो आपला रावस. शास्त्रीय नावाने तो एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम, थ्रेडफिन कुळातला. चवीला कुठे कमी नाही, पण सॅल्मनच्या कुळाशी त्याचे नाते नाही.

पॅसिफिक सॅल्मनच्या पाच जाती उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर आढळतात : चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. ट्रोलिंग करणाऱ्याचे लक्ष मुख्यतः पहिल्या दोघांवर असते. चिनूक सर्वांत मोठा. त्याला ‘किंग’ही म्हणतात. तो तळाजवळ, उतारांच्या कडेने वावरतो आणि उजेड वाढला की आणखी खाली जातो. कोहो लहान पण चपळ; पहाटे तो वरच्या तीसएक फुटांतही मिळतो. पिंक प्यूजेट साउंडमध्ये विषम सालीच मोठ्या संख्येने येतो, आणि त्या वर्षी नवशिक्याचे नशीब उघडते. चिनूक आणि कोहो यांतला फरक ओळखता येणे ही हौस नव्हे, कायद्याची गरज आहे. चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात व ठिपके शेपटीच्या दोन्ही पात्यांवर असतात. कोहोची दाताच्या मुळाशी हिरडी फिकट असते आणि ठिपके शेपटीच्या वरच्याच पात्यावर असतात.

इतिहास : वायव्य किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी फार पूर्वीपासून कॅनूतून, हाडालाकडाचे गळ आणि केल्प या समुद्री शेवाळाच्या देठांची दोरी वापरून ट्रोलिंग करीत. वल्ह्यांवरच्या या पद्धतीचा एक अवशेष ब्रिटिश कोलंबियात कॅम्पबेल रिव्हर येथे टिकून आहे. तिथल्या टायी क्लबची स्थापना १९२४ मध्ये झाली. क्लबचे सदस्यत्व विकत मिळत नाही. इंजिन न लावता, वल्ही मारत, टोकाला उलटा काटा नसलेला एकच गळ आणि खोटे आमिष वापरून ३० पौंड वा त्याहून जड चिनूक धरला तरच नाव नोंदले जाते. ‘टायी’ हा चिनूक जार्गन या व्यापारी मिश्रभाषेतला शब्द, अर्थ सरदार. होडीचा वेग हातात असणे म्हणजे काय, हे वल्ही मारणाऱ्याला जितके कळते तितके इंजिनवाल्याला क्वचितच कळत असेल.

ग्रेट लेक्समध्ये सॅल्मन मुळात नव्हताच म्हणावा लागेल. ओंटारिओ तळ्यातला अटलांटिक सॅल्मन एकोणिसाव्या शतकातच संपला. एलवाइफ या बाहेरून शिरलेल्या लहान माशाचा सुळसुळाट आवरण्यासाठी मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहोची आणि पुढच्या वर्षी चिनूकची पिल्ले सोडली. १९६७ च्या शरद ऋतूत मोठे कोहो परतू लागले तेव्हा लोक लहान तळ्यांतल्या शांत पाण्यापुरत्या असलेल्या होड्या घेऊन मिशिगन तळ्यावर धावले. २३ सप्टेंबरला वादळ उठले आणि सात मासेमार बुडाले. छोट्या होडीच्या ट्रोलिंगचा आधुनिक इतिहास असा दुर्घटनेपासूनच सुरू होतो. आमिष नेमक्या खोलीवर नेणाऱ्या डाउनरिगर या यंत्राचा हौशी लोकांत प्रसार झाला तोही या तळ्यांवरच.

होडी व इंजिन : चौदा ते अठरा फुटांची अॅल्युमिनिअमची होडी पुरते. अडचण लांबीची नसून सावकाश चालण्याची असते. पन्नास-साठ अश्वशक्तीचे इंजिन अगदी मंद ठेवले तरी हलकी होडी हवी त्याहून जोरात पळते. म्हणून मुख्य इंजिनाशेजारी सहा ते दहा अश्वशक्तीचे लहान इंजिन बसवतात. त्याला ‘किकर’ म्हणतात. ते पेट्रोल वाचवते, नेमका वेग देते आणि मोठे इंजिन बंद पडले तर घरी आणते. किकर नसेल तर पाण्यात कापडी पिशवी ओढून होडीला अडवतात. बादली बांधणारेही दिसतात. चालते, पण बादलीच्या कडीवर फार विसंबू नये.

साधने : काठी साडेआठ ते साडेदहा फुटांची, मधोमध छान वाकणारी. रिळावर वीस-तीस पौंड ताकदीची नायलॉनची दोरी, म्हणजे कोकणातला तंगूस. आमिष खोल नेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे डायव्हर, ही तिरकी बसवलेली तबकडी पाण्याच्या रेट्याने स्वतःच खाली जाते. डाउनरिगरमध्ये होडीच्या काठावर एक चरखा असतो. त्याच्या तारेला दहा ते पंधरा पौंडांचा शिशाचा गोळा टांगलेला असतो आणि काठीची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासा व काठी यांच्यामध्ये वजन उरत नाही. पहिल्या हंगामात एकच डाउनरिगर पुरे. दोन लावले की नवशिक्याचा अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो.

आमिषाआधी बहुधा ‘फ्लॅशर’ येतो, म्हणजे सुमारे ११ इंचांची चमकती प्लास्टिकची पट्टी. ती पाण्यात पूर्ण गरगरते. तिची चमक आणि थरथर सॅल्मनला जवळ ओढते असे मानतात. तिच्यामागे हूची, धातूचा चमचा किंवा हेरिंग हा लहान मासा लावतात. हूची म्हणजे रबरी माकूल. तिला स्वतःची काहीच हालचाल नसते. फ्लॅशरच्या प्रत्येक फेऱ्यागणिक बसणारा हिसका हाच तिचा जीव. म्हणून तिची दोरी आखूड, साधारण ३६ ते ४४ इंच ठेवतात. लांब ठेवली तर हिसका वाटेतच विरतो आणि मागे नुसता रबराचा तुकडा लोंबत राहतो. चमचा स्वतःच डुलतो, त्याला लांब दोरी चालते.

हेरिंगचे काम हस्तकौशल्याचे. मासा रात्रभर जाड्या मिठाच्या पाण्यात ठेवला की घट्ट होतो. मग डोके दोन दिशांनी तिरपे असा काप देऊन काढतात आणि दोन गळ ओवतात. काप जमला तर हेरिंग जखमी माशासारखी घट्ट गिरक्या घेत जाते. चुकला तर फडक्यासारखी फरफटते. सॅल्मनला हा फरक लगेच कळतो. म्हणून कोणतेही आमिष खाली सोडण्याआधी होडीच्या कडेला दोन मिनिटे ओढून पाहतात. इथे घाई करणारा पुढचा तासभर गळाला काही नसल्यासारखाच फिरत असतो.

वेग : खरे ट्रोलिंग इथे आहे. काठीने मासा खेळवता येणे पुढची गोष्ट. मासा लागतो तो होडी हाकणाऱ्याच्या हाताने. चिनूकसाठी दीड ते अडीच नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), कोहोसाठी त्याहून थोडा अधिक असा ढोबळ हिशोब आहे. पण हा वेग पाण्यातून जाण्याचा, जमिनीच्या मानाने नव्हे, आणि जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या मानाने. समजा पाणी दीड नॉटने ओढते आहे आणि आमिष पाण्यातून दोन नॉटने जायला हवे. ओढीबरोबर जाताना पडद्यावर साडेतीन दिसेल, उलट जाताना अर्धा. नवशिका साडेतीन पाहून घाबरतो, इंजिन कमी करतो आणि आमिष मरते. त्यापेक्षा डाउनरिगरच्या तारेचा तिरपेपणा पाहावा. तो योग्य वाटला तेव्हाचा कोन लक्षात ठेवून दोन्ही दिशांना तेवढाच राखावा. काठीचे टोक फ्लॅशरच्या फेऱ्यांबरोबर तालात हलते का, हेही पाहावे. टोक निपचित असेल तर वेग कमी तरी आहे किंवा गळात शेवाळ तरी अडकले आहे.

तार तिरपी झाली की गोळा चरख्यावरचा मीटर सांगतो तितका खोल नसतो, हेही याच हिशोबात येते. ओढ जोरात असेल तर जड गोळा लागतो किंवा तार जास्त सोडावी लागते.

सरळ रेषेत चालू नये. होडी वळली की बाहेरच्या बाजूचे आमिष जोरात पळते व वर चढते, आतले मंदावते व खाली बसते. मासा कोणत्या बाजूला लागला त्यावरून वेग वाढवायचा की कमी करायचा हे आपोआप कळते. एवढी फुकटची शिकवण दुसरे कोणतेही यंत्र देत नाही.

जागा व पाणी : चिनूक ओढीत ताकद वाया घालवत नाही. भूशिराच्या आडोशाला, भोवरा घेऊन उलट वाहणाऱ्या पाण्यात, तळाच्या उतारावर तो दबा धरतो. लहान मासे तिथेच वाहत येतात. व्हिडबी बेटाच्या दक्षिणेचा पझेशन बार आणि किटसॅप द्वीपकल्पाच्या टोकाचा पॉइंट नो पॉइंट ही प्यूजेट साउंडमधली जुनी नावाजलेली ठिकाणे. दुसरे विनोदी नाव १८४१ मध्ये चार्ल्स विल्क्सने दिले. लांबून मोठे भूशीर वाटले, जवळ गेल्यावर तितके निघाले नाही. मासा मात्र आहे. या खाडीत दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या उंचीच्या नसतात. पाणी थांबण्याच्या आगेमागचा तासभर मोलाचा मानतात आणि तो पहाटेशी जुळला तर धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. उधाण-भांगाचे गणित ज्याने कोकणात केले आहे त्याला हे नवे नाही. ट्रोलिंग बहुधा ओढीच्या दिशेने करतात, ही एक सवय तेवढी लावून घ्यावी लागते.

मासा लागल्यावर : गळाला उलटा काटा नसतो, कारण इथे तसा नियम आहे. म्हणून दोरी क्षणभरही सैल पडता कामा नये. चिमट्यातून सुटल्यावर दोरीला झोल येतो तो आधी भरभर गुंडाळावा. होडी एकदम थांबवू नये. बाकीच्या दोऱ्या व गोळा वर घ्यावा. होडी दिसली की चिनूक पुन्हा खाली बुडी मारतो, आणि बहुतेक मासे सुटतात ते याच वेळी, जाळी हातात घेऊन कोणीतरी अधीर झालेले असताना. जाळी डोक्याकडून घालतात.

नियम : प्यूजेट साउंडमधल्या चिनूकला १९९९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली धोक्यातील म्हणून संरक्षण मिळाले. त्यामुळे बऱ्याच हंगामांत फक्त मत्स्यबीज केंद्रातून सोडलेला मासा ठेवता येतो. सोडण्याआधी त्याच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा जंगली. तो होडीच्या काठाआतही न घेता पाण्यातच सोडावा लागतो. जाळी बिनगाठींची हवी. परवान्याबरोबर मिळणाऱ्या कार्डावर ठेवलेला प्रत्येक सॅल्मन नोंदवायचा असतो. ठरलेला वाटा संपला की हंगाम मध्येच बंद होतो, म्हणून निघायच्या दिवशीच नियम पुन्हा पाहतात. पकडीचा वाटा हा इथे जुना व नाजूक विषय आहे : १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने करारबद्ध आदिवासी जमातींचा निम्मा हक्क मान्य केला. त्याआधी कित्येक वर्षे नदीकाठी अटका आणि मारहाण झाली होती. शिवाय मुख्यतः चिनूकवर जगणाऱ्या इथल्या रहिवासी ओर्का व्हेलपासून २०२५ पासून १,००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर, दूर राहणे बंधनकारक आहे. ओर्का आलेल्या दिवशी सॅल्मन तसाही लागत नाही असे जुने मासेमार म्हणतात.

धोके : पाणी भर उन्हाळ्यातही साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस असते. अशा पाण्यात पडलेल्याला ‘एक-दहा-एक’ हा नियम सांगतात : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, शुद्ध हरपेपर्यंत सुमारे एक तास. हातपाय चालेनासे झाल्यावर तरंगत ठेवते ते जॅकेट. ते बाकाखाली असून उपयोग नाही. ऑगस्टमध्ये पहाटे धुके दाटते. पझेशन बारवरून फेरीबोटी आणि कंटेनर जहाजांची वाट दूर नाही आणि ती जहाजे छोट्या होडीसाठी वळू शकत नाहीत. व्हीएचएफ रेडिओ मदत मागण्यासाठीच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर चालू ठेवतात. १५ वा अधिक अश्वशक्तीचे इंजिन चालवायला वॉशिंग्टनमध्ये नौकाशिक्षणाचे कार्ड लागते.

छोट्या होडीचा खास धोका मात्र डाउनरिगरचाच. गोळा तळाच्या खडकात अडकला आणि ओढ जोरात असली तर तार होडीचा मागचा भाग खाली खेचते. अशा वेळी ताबडतोब न्यूट्रलमध्ये टाकून तार सैल सोडावी, वळून खडकाच्या मागच्या बाजूने सोडवावी. नाही सुटली तर तार कापावी. पक्कड हाताशीच हवी. गोळ्याच्या किमतीकडे पाहत थांबणाऱ्यांच्या होड्यांत पाणी शिरले आहे.

मासा ठेवायचा असेल तर डोक्यावर एक टोला, मग कल्ले कापून बादलीभर समुद्राच्या पाण्यात रक्त निघू देतात. पोट साफ करून आत बर्फ भरतात. कोहो संध्याकाळपर्यंत तग धरतो. पिंकचे मांस लवकर मऊ पडते, म्हणून त्याला धक्क्यावर पोचण्याआधीच चिरलेला बरा.