पार्श्वभूमी : त्सुनेयासु मियामोतो आणि चोंगचिंगमधली बाजूबदली

जपानी फुटबॉलपटू मियामोतोची उंची जेमतेम १७६ सेंटिमीटर. बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्यासाठी ही उणीवच. मियामोतोने ती खेळ आधी ओळखण्याच्या कसबाने भरून काढली. गांबा ओसाका या जपानी क्लबच्या युवा संघातून तो १९९५ मध्ये मुख्य संघात आला, आणि २००० मध्ये राष्ट्रीय संघात.

२००२च्या विश्वचषकात तो राखीव होता, तेही नाकाचे हाड मोडलेले. बेल्जियमविरुद्ध कर्णधार जायबंदी झाला आणि मियामोतो काळा मुखवटा लावून मैदानात उतरला. जपानच्या फ्रेंच प्रशिक्षकाचा आग्रह तिघा बचावपटूंची सरळ रेषा शक्य तितकी पुढे ठेवण्याचा होता. त्या सामन्यात ती रेषा भेदली गेली. पुढच्या सामन्यात मियामोतोने सहकाऱ्यांशी बोलून ती थोडी मागे घेतली. रशियाला १-० आणि ट्युनिशियाला २-० हरवून जपान प्रथमच बाद फेरीत पोहोचला.

पण ज्यावर आजही वाद होतो तो निर्णय ३१ जुलै २००४चा, चीनमधल्या चोंगचिंग शहरातला. आशियाई चषकाची उपान्त्यपूर्व लढत, समोर जॉर्डन, सामना १-१, निकाल पेनल्टी शूटआउटवर. प्रेक्षक स्पर्धेच्या सुरुवातीपासून जपानची हुर्यो उडवत होते. जपानच्या पहिल्या दोन्ही किक बारवरून गेल्या. मारणारे दोघेही डाव्या पायाचे आणि दोघांचाही टेकलेला उजवा पाय उखडलेल्या जमिनीवर घसरला होता. कर्णधार मियामोतो पंचांकडे गेला, इंग्रजीत बोलला आणि पंचांनी शूटआउट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हलवले.

जॉर्डनची तक्रार समजण्यासारखी होती. त्यांची पहिली किक त्याच खराब जागेवरून गोलमध्ये गेली होती. मग शूटआउट सुरू झाल्यावर बाजू का बदलायची? पण किक कोणत्या गोलवर घ्यायच्या, हे ठरवण्याचा अधिकार पंचांचाच होता. मियामोतोने फक्त विनंती केली, हुज्जत घातली नाही. शिवाय जमीन बदलली ती दोन्ही संघांसाठी. याला चलाखी म्हणणे मला अन्यायकारक वाटते. पायाखालची माती पाहून वेळेवर बोलणे हे कर्णधाराचे कामच आहे. २०१६च्या सुधारित नियमांत तर गोल किंवा मैदान वापरण्याजोगे न राहिल्यास बाजू बदलण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आली.

त्यानंतरही जपान शूटआउटमध्ये १-३ असा मागे होता. गोलरक्षकाने सामना खेचून आणला, सातवी किक मियामोतोने स्वतः गोलमध्ये मारली आणि जॉर्डनची शेवटची किक खांबाला लागली. ४-३. आठवड्याने बीजिंगमध्ये यजमान चीनला ३-१ हरवून जपानने चषक राखला.

२००५ मध्ये गांबाने पहिले लीग विजेतेपद मिळवले. २००६चा विश्वचषक मात्र कडवट गेला : ऑस्ट्रेलियाकडून १-३ पराभव, क्रोएशियाशी गोलशून्य बरोबरी, आणि दोन पिवळ्या कार्डांमुळे ब्राझीलविरुद्ध कर्णधारच बाहेर. राष्ट्रीय संघातला प्रवास ७१ सामन्यांवर थांबला. मग ऑस्ट्रियातला साल्झबुर्ग क्लब, पुढे जपानमधला व्हिसेल कोबे आणि २०११ मध्ये निवृत्ती.

खेळाच्या व्यवस्थापनाचे शिक्षण युरोपात घेऊन तो परतला आणि २०१८ ते २०२१ गांबाचा प्रशिक्षक होता. मार्च २०२४ पासून तो देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष आहे.